आषाढातलं सूर्यग्रहण: ढगाआडून काय बघायचं, काय मोजायचं

२ ऑगस्ट २०२७, सोमवार. त्या दिवशी इजिप्तमध्ये लक्सरजवळ चंद्र सूर्याला सहा मिनिटांहून जास्त वेळ पूर्ण झाकणार आहे. तेच ग्रहण महाराष्ट्र-गोव्याच्या किनारपट्टीवर दुपार कलल्यावर खंडग्रास दिसेल. दिसेल म्हणजे, ढग बाजूला झाले तर. कारण त्या दिवशी आषाढी अमावास्या आहे. कोकणात संततधार, घाटमाथ्यावर दाट धुकं आणि पुण्यात भुरभुर असण्याचे हे दिवस.

आषाढी अमावास्येने ग्रहणप्रेमींना याआधीही रडवलंय. ११ ऑगस्ट १९९९ला कच्छपासून आंध्रच्या किनाऱ्यापर्यंत खग्रास पट्टा गेला आणि बहुतेकांच्या वाट्याला ढगच आले. २२ जुलै २००९ला सुरत, इंदूर, भोपाळ, वाराणसी, पाटणा अशी खग्रासची वाट होती. बिहारमधल्या तारेगणाला तर देशभरातून लोक गेले होते. वाराणसीकरांना काहीतरी दिसलं. सुरत आणि तारेगणाला भरल्या आभाळाखाली नुसता अंधार. मुंबईतही पहाटे गच्चीवर चढलेले लोक करडं आभाळ बघून खाली उतरले.

तेव्हा पावसाळी ग्रहणाची तयारी हिवाळी ग्रहणासारखी करून भागत नाही. ढगाळ आभाळाखाली ग्रहण बघण्यापेक्षा मोजण्यात जास्त मजा आहे, आणि त्या मोजमापाला अर्थ येतो तो ग्रहण नसलेल्या दिवसांमुळे. पुढचं सगळं मार्गदर्शन याच गोष्टीभोवती आहे.

ढगाखाली ग्रहणाचं काय उरतं

ढग स्वतः प्रकाश तयार करत नाही. वरून येणारा प्रकाश तो विखुरतो, थोडा परत वर फेकतो आणि उरलेला खाली सोडतो. म्हणून चंद्राने सूर्याचा प्रकाश तीस टक्क्यांनी कमी केला, तर ढगाखालचा प्रकाशही तीस टक्क्यांनीच कमी होतो. ढग पातळ असो की जाड, प्रमाण तेच. समजा, एरवी त्या वेळी ढगाखाली १५,००० लक्स (लक्स हे प्रकाश मोजायचं एकक) प्रकाश असता, तर तो १०,५०० होईल. हा फरक मोबाइलमधल्या सेन्सरलाही कळतो.

डोळ्याला मात्र कळत नाही. आपली बाहुली मोठी होते, मेंदू जुळवून घेतो, आणि सूर्याचा तीन चतुर्थांश भाग झाकला जाईपर्यंत ‘काहीतरी मंद झालंय’ हे जाणवतही नाही. २०२७ला आपल्याकडे त्यापेक्षा बराच कमी भाग झाकला जाईल, म्हणून अंधार पडण्याची वाट बघत बसू नका. पक्षी घरट्याकडे परततील, गाई हंबरतील, ही वर्णनं खग्रास पट्ट्यातली आहेत.

खरी अडचण वेगळीच आहे. मान्सूनचा ढग एकसारखा जाड नसतो. एक काळा पुंजका डोक्यावरून सरकला की दोन मिनिटांत प्रकाश अर्ध्यावर येतो, तो गेला की पुन्हा वाढतो. म्हणजे प्रकाशाच्या आलेखात ग्रहणाने पडलेला खड्डा आणि ढगाने पडलेला खड्डा सारख्याच खोलीचे असू शकतात. त्यांना वेगळं कसं करायचं, हाच या प्रयोगाचा गाभा.

आधी डोळ्यांचं

ढगाळ दिवशी डोळ्यांना धोका कमी असतो, असं वाटतं. मला तर तो जास्तच वाटतो. निरभ्र दिवशी सूर्याकडे नजर लावणं मुळातच असह्य असतं, म्हणून माणूस आपसूक मान वळवतो. ढगातून सूर्याची फिकट, गुळगुळीत चकती दिसली की नजर तिथेच रेंगाळते. बाहुली मोठी झालेली असते. तेवढ्यात ढग विरळ होतो, आणि लख्ख सूर्य थेट दृष्टिपटलावर येतो. दृष्टिपटलाला वेदना जाणवत नाहीत. भाजलं हे काही तासांनी, नजरेच्या मधोमध डाग दिसायला लागल्यावर कळतं.

म्हणून नियम साधा ठेवा. खंडग्रास ग्रहणात नुसत्या डोळ्याने बघण्याचा एकही सुरक्षित क्षण नसतो. आयएसओ १२३१२-२ या मानकाचा ग्रहण-चष्मा घ्या, नाहीतर वेल्डिंगची १४ नंबरची काच. चष्मा जुना असेल तर उजेडाच्या दिव्यासमोर धरून ओरखडा किंवा टाचणीएवढं भोक आहे का ते तपासा; असलं तर फेकून द्या. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, सीडी, गॉगल यांतलं काहीही चालत नाही.

परातीत पाणी घेऊन त्यात सूर्य बघायची आपल्याकडची जुनी पद्धतही सोडून द्या. डोक्यावरच्या सूर्याचा सुमारे दोन टक्के प्रकाश पाणी परतवतं, सूर्य खाली उतरला की त्याहून कितीतरी जास्त. चांगला चष्मा लाखातला जेमतेम एक भाग आत सोडतो. पाण्यात हळद टाकल्याने पृष्ठभागावरून उडणाऱ्या प्रकाशात काही फरक पडत नाही.

दाट ढगात या चष्म्यातून काहीच दिसत नाही, मिट्ट काळोख. तिथेच तो काढून ‘जरा बघू’ असा मोह होतो. अशा वेळी सूर्याकडे पाठ करा आणि मोबाइल खांद्यावरून मागे रोखून सेल्फी कॅमेऱ्याने फोटो काढा. ढगातून गाळून आलेली कोर असेल तर ती पडद्यावर दिसेल. दुर्बीण किंवा टेलिफोटो लेन्स असेल तर फिल्टर तिच्या पुढच्या तोंडावर हवा. डोळ्याकडच्या बाजूला लावलेली काच उष्णतेने तडकू शकते.

फट पकडण्यासाठी आरसा

सूर्य पाच-दहा सेकंदच बाहेर येणार असेल तर चष्मा शोधण्यात वेळ जातो. त्यासाठी आरशाची युक्ती उत्तम. खिशातला छोटा आरसा घ्या, त्यावर पाच-सहा मिलिमीटरचं गोल भोक पाडलेला काळा कागद चिकटवा, आणि आरसा मळलेल्या कणकेच्या गोळ्यावर बसवा म्हणजे हवा तसा वळवता येईल. कवडसा अंधाऱ्या खोलीतल्या पांढऱ्या भिंतीवर पाडा. सूर्याची प्रतिमा अंतराच्या साधारण एकशे आठाव्या भागाएवढी पडते: दहा मीटरवर नऊ सेंटिमीटर, म्हणजे चंद्राने घेतलेला घास सगळ्या घराला एकदम दिसतो. कवडसा बघायचा, आरशात नाही, हे मुलांना आधीच बजावा.

पातळ ढगात प्रतिमा फिकी होते पण टिकते. सुईच्या टोकाएवढ्या भोकाचा खोका मात्र ढगाळ दिवशी निरुपयोगी, कारण तिथे मुळात प्रकाशच अपुरा. चाळणी, झारा, आंब्याच्या पानांमधल्या फटी यांतून जमिनीवर चंद्रकोरी पडतात त्यादेखील स्वच्छ ऊन असेल तरच. आभाळ भरलेलं असलं की प्रकाश सगळीकडून येतो आणि सावलीच पडत नाही.

जागा: सह्याद्रीच्या पलीकडे

सूर्य बघायचाच असा हट्ट असेल तर पूर्वेकडे सरका. अरबी समुद्रावरून आलेली वाफ सह्याद्री चढताना ढग बनून कोकण आणि घाटमाथ्यावर रिती होते. घाट उतरून हवा दख्खनवर आली की ढगांना भेगा पडायला लागतात. म्हणून त्या दिवशी महाबळेश्वर किंवा माथेरानपेक्षा बारामती, फलटण, करमाळा, सोलापूर, सांगोला या पट्ट्यात सूर्य दिसण्याची शक्यता कितीतरी जास्त. पूर्वेकडे गेल्यावर चंद्राने झाकलेला भाग थोडा कमी होईल, पण न दिसणाऱ्या मोठ्या घासापेक्षा दिसणारा लहान घास बरा.

हे शहाणपण जुनंच आहे. १८ ऑगस्ट १८६८चं खग्रास ग्रहणही ऐन पावसाळ्यातच आलं होतं. त्या वेळी सर्वेक्षण खात्यातले लेफ्टनंट जॉन हर्शेल किनारा सोडून पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात जाऊन बसले, म्हणजे पर्जन्यछायेतच. तरीही ढगांनी त्यांना पुरतं सोडलं नाही, पण मधल्या फटींतून सूर्याच्या ज्वालांचा वर्णपट त्यांना पाहता आला. याच ग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन गुंटूरला होते. विजयदुर्गावरच्या ‘साहेबाच्या ओट्यां’ची (ग्रहण बघण्यासाठीच्या चौथऱ्यांची) गोष्ट अनेकदा या १८६८च्या ग्रहणाला जोडली जाते, ते चूक. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर विजयदुर्गाला आले ते २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणासाठी, आणि तो महिना कोरड्या आभाळाचा होता. त्याच ग्रहणासाठी पुण्याचे खगोलशास्त्रज्ञ कावसजी नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला तळ ठोकून होते.

कुठे जायचं ते आदल्या दिवशी ठरवू नका. ग्रहणाच्या सकाळी इन्सॅट-३डीआर किंवा ३डीएसची उपग्रहचित्रं एकामागून एक बघा. हवामान खात्याच्या आणि इस्रोच्या मॉसडॅक संकेतस्थळावर ती मिळतात. एकच चित्र बघून काही कळत नाही. तीन-चार तासांची चित्रं ओळीने लावली की ढगांचा पट्टा कुठून कुठे चाललाय ते दिसतं. शेवटच्या दोन तासांत मुंबई, गोवा किंवा नागपूर यांपैकी जवळच्या रडारचं चित्र उघडा आणि पावसाचे पुंजके चुकवा. गाडीने जाणार असाल तर एकाऐवजी दोन जागा मनात धरा, एकमेकींपासून तासाभराच्या अंतरावर. स्पर्शाच्या, म्हणजे ग्रहण लागण्याच्या, अर्धा तास आधी मात्र थांबा. हलत्या गाडीत धड बघता येत नाही आणि मोजता तर मुळीच येत नाही.

स्पर्श, मध्य आणि मोक्ष (ग्रहण सुटणं) या वेळा गावागणिक काही मिनिटांनी बदलतात. कोलकात्याचं पोझिशनल ॲस्ट्रॉनॉमी सेंटर त्या जाहीर करतं, पंचांगातही असतात. पंचांगातली वेळ कोणत्या शहराची आहे ते नीट वाचा. घरात वेध पाळणारं कुणी असेल तर त्या दिवशी वाद घालत बसू नका. त्यांनाही मोक्षाची अचूक वेळ हवीच असते, तीच आपल्याला हवी.

रोजचे दिवस आधी मोजा

या भागाला बहुतेक लोक फाटा देतात आणि त्यामुळे त्यांचे आकडे पुढे कशालाच उपयोगी पडत नाहीत.

दुपारी चारनंतर सूर्य रोजच खाली उतरतो, प्रकाश रोजच कमी होतो, तापमानही रोजच घसरतं. ग्रहणाच्या दिवशी साडेचार ते साडेपाच या वेळात पारा अर्ध्या अंशाने उतरला तर त्यातला ग्रहणाचा वाटा किती? त्या एकाच दिवसाच्या वहीतून हे सांगताच येत नाही.

म्हणून ग्रहणाच्या आधी आठवडाभर आणि नंतर आठवडाभर, त्याच जागी, त्याच उपकरणांनी, त्याच वेळात मोजा. स्पर्शाच्या तासभर आधीपासून मोक्षानंतर तासभर. दर पाच मिनिटांनी एक नोंद. रोज जमत नसेल तर निदान चार-पाच दिवस तरी, आणि त्यांत भरून आलेले, मध्यम ढगांचे, उघडीप असलेले असे वेगवेगळे दिवस असू द्या. ग्रहणाच्या दिवशी आभाळ जसं असेल, तसल्याच दिवसांशी नंतर तुलना करायची.

वहीत रकाने एवढे: वेळ, प्रकाश, तापमान, ढग आठांपैकी किती भागात, ढगाचा प्रकार, वारा, पाऊस आहे की नाही. शेवटचा रकाना शेऱ्यांचा. ‘४.३५ला शेजारच्या गच्चीवरची ताडपत्री फडफडून सेन्सरवर सावली’ असला शेरा महिन्याभराने लाखमोलाचा ठरतो.

प्रकाश: सगळ्यात खात्रीचं मोजमाप

ढगाळ दिवशी एकच गोष्ट मोजायची झाली तर प्रकाश मोजा. अँड्रॉइड फोनमध्ये पडद्याच्या वर प्रकाशाचा सेन्सर असतो. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं फायफॉक्स हे मोफत ॲप त्याचे आकडे सेकंदासेकंदाला नोंदवून फाइल करून देतं. आयफोनमध्ये या ॲपला तो सेन्सर वापरता येत नाही, तेव्हा घरातला जुना अँड्रॉइड शोधा. बाजारात लक्स मीटरही मिळतो आणि तो जास्त भरवशाचा.

फोन आडवा, पडदा आभाळाकडे, पूर्ण उघड्या जागी ठेवा. पावसासाठी त्यावर पांढरट, अर्धपारदर्शक प्लास्टिकचा डबा उपडा घाला. डब्यामुळे प्रकाश थोडा कमी होईल, पण आपल्याला प्रमाण हवंय, निव्वळ आकडा नाही. मात्र सगळे दिवस तोच डबा हवा, आणि त्यावर साचलेले थेंब मधूनमधून पुसायला हवेत. जवळ उभं राहून डोकावू नका, तुमची सावली आकड्यात उतरते.

आता ढगाचा खड्डा आणि ग्रहणाचा खड्डा वेगळे करण्याचा उपाय. एका फोनने ते जमत नाही, सहा-सात फोनांनी जमतं. डोंबिवली, चिंचवड, साताऱ्याला मावशीकडे, सांगलीला मित्राकडे, अशा लांबलांबच्या ठिकाणी तेच मोजमाप करायला सांगा. काळा पुंजका डोंबिवलीवर येतो तेव्हा साताऱ्यावर नसतो. ग्रहण मात्र सगळ्यांवर जवळजवळ एकाच वेळी असतं. सगळ्यांचे आकडे ‘त्या ठिकाणच्या नेहमीच्या दिवसाच्या किती टक्के’ अशा रूपात आणून सरासरी काढली की ढगांचे चढउतार एकमेकांना खोडतात आणि ग्रहणाचा खड्डा वर येतो. ब्रिटनमध्ये २० मार्च २०१५च्या खंडग्रास ग्रहणात रेडिंग विद्यापीठाने शाळाशाळांना कामाला लावून तापमान, ढग आणि वारा यांच्या नोंदी अशाच गोळा केल्या होत्या. त्या दिवशी तिथेही बऱ्याच भागात आभाळ भरलेलं होतं. एकेकट्या शाळेच्या वहीतून फारसं निघालं नसतं, पण एकत्र केलेल्या आकड्यांत तापमान आणि वारा दोन्ही किंचित उतरलेले दिसले.

खड्डा खरा आहे का हे तपासायची आणखी एक खूण: त्याचा तळ ग्रहणमध्याच्या वेळेवर पडायला हवा आणि दोन्ही बाजूंचा उतार सावकाश हवा. खड्डा दहा मिनिटांत खाली जाऊन वर आला असेल तर तो ढगच.

घरावर सौर पॅनेल असतील तर तुमच्याकडे उत्तम प्रकाशमापक आधीच बसवलेला आहे. इन्व्हर्टरच्या ॲपमध्ये दर पाच किंवा पंधरा मिनिटांची वीजनिर्मिती साठत असते, आणि मागच्या दिवसांच्या नोंदीही असतात, म्हणजे आधीचा आठवडा फुकटात मिळाला. ढगाळ दिवशी पॅनेल विखुरलेल्या प्रकाशावरच चालतात, त्यामुळे ग्रहणाचा खड्डा त्यांतही उतरतो. सोसायटीत पाच-सहा घरांवर पॅनेल असतील तरी ती एकाच ढगाखाली असतात, हे विसरू नका. दूरच्या गावातल्या नातेवाइकाचं ॲप जास्त कामाचं.

फोटोंची मालिका करायची असेल तर कॅमेरा सूर्याकडे न रोखता उत्तरेच्या आभाळाकडे लावा आणि एक्स्पोजर, आयएसओ, व्हाइट बॅलन्स सगळं पक्कं करून टाका. ऑटोवर ठेवलेला कॅमेरा मंद झालेला प्रकाश इमानेइतबारे उजळून देतो आणि शेवटी सगळे फोटो सारखेच दिसतात.

तापमान: अपेक्षा कमी ठेवा

निरभ्र खग्रास ग्रहणात हवा काही अंशांनी गार होते. नीचांक ग्रहणमध्याला येत नाही, त्यानंतर पाच ते वीस मिनिटांनी येतो, कारण जमीन आणि तिच्यावरची हवा निवायला वेळ लागतो. ढगाखालच्या खंडग्रासात हा फरक अंशाच्या काही दशांशांएवढा, आणि कधी कधी काहीच नाही. मान्सूनच्या जाड ढगाखाली जमिनीला मुळात ऊन फारसं मिळालेलंच नसतं, तर हरवणार काय? शिवाय ओली माती आणि दमट हवा सावकाश निवतात.

तरी मोजायचं असेल तर तापमापक सावलीत, हवेशीर जागी, जमिनीपासून सव्वा ते दीड मीटर उंचीवर, भिंतीपासून आणि एसीच्या बाहेरच्या युनिटपासून लांब. वेधशाळांमधल्या पांढऱ्या झडपांच्या पेटीची घरगुती नक्कल करता येते: कुंड्यांखालच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या सहा-सात ताटल्या उपड्या, मधे बोटभर अंतर ठेवून, तीन लांब स्क्रूंवर एकावर एक बसवा, आणि मधल्या ताटल्यांना भोक पाडून सेन्सर आत टांगा. डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर आणि त्याचे आकडे वाचणारं ईएसपी३२चं छोटं बोर्ड असं कॉलेजची मुलं सहज जोडतात. त्याचा निव्वळ आकडा अर्ध्या अंशाने चुकीचा असला तरी बिघडत नाही, कारण आपण बदल बघतोय.

सेन्सर ओला होऊ देऊ नका. ओल्या तापमापकावरचं पाणी वाफ होताना तो गार होतो आणि तुम्हाला ग्रहण सापडल्यासारखं वाटतं. पावसाची सर आली तर त्या अर्ध्या तासाचं तापमान खोडून टाका. प्रकाशाचे आकडे ठेवा.

हवेपेक्षा पृष्ठभाग लवकर बोलतो. उघडीप असेल तर कारखान्यात वापरतात ती इन्फ्रारेड तापमापक बंदूक छपराच्या पत्र्यावर किंवा डांबरावर रोखा. गंजका, चमक गेलेला पत्रा घ्या. नवा चकचकीत पत्रा खोटे आकडे देतो. पत्रा मिनिटाभरात प्रतिसाद देतो. ताप बघायची बंदूक यासाठी चालत नाही, तिची मोजायची मर्यादा शरीराच्या तापमानापुरतीच असते.

वारा, दाब, आर्द्रता

यांवर फार वेळ घालवू नका. ग्रहणात वारा मंदावतो, थोडी दिशा बदलतो, हे निरीक्षण जुनं आहे. १९०१ साली अमेरिकेत हेल्म क्लेटन यांनी ‘ग्रहणाचं चक्रीवादळ’ अशी कल्पनाही मांडली होती. मान्सूनचे नैर्ऋत्य वारे मात्र हजारो किलोमीटरच्या रचनेतून येतात, दोन तासांच्या अर्धवट सावलीला ते भीक घालत नाहीत. उदबत्तीचा धूर किंवा काठीला बांधलेली रिबन एवढं पुरे.

दाबाच्या बाबतीत फसगत हमखास होते. उष्ण कटिबंधात हवेचा दाब रोज दुपारी चारच्या सुमारास नीचांकाला जातो आणि तिथून वर चढायला लागतो. फोनमधल्या बॅरोमीटरवर ग्रहणादरम्यान दाब वाढताना दिसला तर तो रोजचाच आहे. आर्द्रता आषाढात आधीच नव्वदीत असते, तिला वर जायला जागाच नाही.

ढग काय करतात

मला सगळ्यात आवडणारा भाग हा. ग्रहणात ढग फक्त अडथळा नसतो, तो स्वतः बदलतो, निदान एका जातीचा ढग तरी.

नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या संशोधकांनी आफ्रिकेवरच्या ग्रहणांची मेटिओसॅट उपग्रहाची चित्रं तपासून २०२४मध्ये निष्कर्ष मांडले. ग्रहणात सूर्यप्रकाशच कमी झाल्यामुळे उपग्रहाचं ढगमोजणीचं गणित चुकत होतं; ती चूक त्यांनी आधी दुरुस्त केली. मग दिसलं की जमिनीवरचे उथळ क्युम्युलस, म्हणजे कापसाच्या पुंजक्यांसारखे ढग, सूर्याचा साधारण पंधरा टक्के भाग झाकला गेल्यावरच विरायला लागतात, आणि ग्रहणमध्यानंतर सुमारे पन्नास मिनिटांनी परततात. कारण सरळ आहे. हे ढग तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेवर जगतात. जमीन निवली की पुरवठा तुटतो. समुद्रावर असं होत नाही, कारण पाणी एवढ्यात निवत नाही.

आता हे आपल्या नकाशावर ठेवा. कोकणावरचे थर समुद्रावरून आलेले आणि सह्याद्रीने वर ढकललेले, त्यांना खालच्या जमिनीची पर्वा नाही. ते ग्रहणात हटणार नाहीत. सोलापूर, बीड, लातूरकडे उघडिपीच्या दिवशी दुपारी जे सुटे पुंजके तरंगतात, ते मात्र याच जातीचे. म्हणजे पूर्वेकडे जाण्याचं दुसरंही कारण मिळालं. फक्त एक सावधगिरी: संध्याकाळ जवळ आली की हे पुंजके रोजच विरतात. म्हणून आधीच्या आठवड्यात त्याच वेळी, त्याच दिशेचे फोटो काढलेले असले तरच ‘आज लवकर विरले’ असं म्हणता येईल. दर पाच मिनिटांनी आभाळाचे आठ भाग कल्पून किती भरलेत ते लिहा. दोघांनी स्वतंत्र लिहावं, एकमेकांचं न बघता.

प्रत्यक्ष त्या दिवशी

स्पर्शाच्या दीड तास आधी सगळं मांडून व्हायला हवं. सगळ्यांच्या फोनची घड्याळं नेटवर्कच्या वेळेवर, पॉवर बँक भरलेल्या, फोनचा पडदा बंद होऊ नये अशी सेटिंग. कामं वाटून द्या: एकजण वही, एकजण ढग, एकजण आरसा. चौथा माणूस मुद्दाम मोकळा ठेवा, फट पडली की ओरडायला. सूर्य बाहेर आला की सगळे उपकरणं सोडून वर धावतात आणि नोंदी तुटतात; वहीवाल्याने जागा सोडायची नाही, हे आधीच ठरवा. त्याला नंतर आरशाचा कवडसा दाखवा.

विजा चमकत असतील तर गच्ची आणि माळ दोन्ही सोडा. प्रकाशाचा फोन तिथेच राहू दे, माणसं आत.

गल्लीत अजून ‘दे दान सुटे गिराण’ची हाक येत असेल तर तिची वेळही शेऱ्यात लिहा. मोक्ष झाला तरी मोजणी लगेच थांबवू नका. नंतरच्या तासाभराच्या नोंदी नसतील तर खड्ड्याची उजवी बाजूच हरवते.

कुणी नातेवाईक जेद्दा-मक्केकडे नोकरीला असतील तर ते खग्रास पट्ट्यात आहेत. तिथे ढगापेक्षा धुळीची भीती. पण खग्रास पट्ट्यात कुठेही ढग आलेच तर मान खाली घालून बसू नये: सावली ढगांच्या तळावरून पश्चिमेकडून धावत येते, डोक्यावर अंधार असताना क्षितिजाच्या कडेला लांबवरचा नारिंगी उजेड राहतो, आणि ढगांमुळे अंधार निरभ्र ग्रहणापेक्षा गडद होतो. २००९ला सुरतकरांना एवढं तरी मिळालं.

आकड्यांचं काय करायचं

स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक ठिकाणाचा नेहमीच्या दिवसांचा सरासरी आलेख काढा, तशाच आभाळाचे दिवस निवडून. ग्रहणाच्या दिवसाचा प्रत्येक आकडा त्याच वेळच्या सरासरीने भागा. मग सगळ्या ठिकाणांची सरासरी. चंद्राने किती भाग झाकला होता त्याचा आलेख त्यावर ठेवा. दोन्ही तंतोतंत जुळणार नाहीत: सूर्याची कड मध्यापेक्षा मंद असते, म्हणून सुरुवातीला झाकलेल्या भागाच्या मानाने प्रकाश कमी हरवतो.

काही सापडलं नाही तर ‘सापडलं नाही’ असंच लिहा, कोणत्या आभाळाखाली आणि किती ठिकाणांवरून तेही लिहा. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था किंवा मुंबईचं खगोल मंडळ यांच्यासारख्या हौशी निरीक्षकांच्या संस्थांत अशा वह्या वाचणारी माणसं भेटतात.

पुढची मोठी संधी २१ मे २०३१ची, केरळ आणि तमिळनाडूवरून जाणारं कंकणाकृती ग्रहण. मान्सून केरळात येण्याच्या तोंडावरचे दिवस, म्हणजे ढगांचा प्रश्न पुन्हा आहेच. तोवर हीच ताटल्यांची पेटी आणि हाच डबा ठेवून द्या. आणि इन्व्हर्टरच्या ॲपमधले पाच मिनिटांचे आकडे काही कंपन्या थोड्याच दिवसांत पुसतात, तेव्हा ते त्याच आठवड्यात उतरवून घ्या.